ओंडके मोजण्याचं गाणं

विलासराव कोरगावकर मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे. माझा नातू वेदांत कॅनडात मिल्टनमधल्या ज्या शाळेत जातो, तिथं स्प्रिंग कॉन्सर्ट होता. जिमच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, पालकांनी फोन उंच धरलेले, आणि स्टेजवर फ्रेंचमधून शिकणारी पाचवीची मुलं पांढरे शर्ट घालून उभी. मला फ्रेंच कळत नाही. माझ्या सुनेनं, सुरुचीनं, कानाशी येऊन सांगितलं, "आई, हे क्यूबेकच्या लाकूडतोड्यांचं जुनं गाणं आहे. नदीतून वाहत येणारे ओंडके मोजत गातात."

मुलं गाऊ लागली. माझ्या पुढच्या रांगेत करड्या लोकरी कोटातले एक वृद्ध गृहस्थ ताठ बसले होते. बाकीचे लोक ताल धरत होते, हे धरत नव्हते. गाणं सातव्या ओळीवर आलं, मुलं ती ओळ भराभर म्हणून पुढं गेली, आणि ह्या गृहस्थांनी आपल्या मांडीवर थाप मारली.

"थांबा की रे तिथं!" ते म्हणाले. मराठीत.

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "बाबा, प्लीज. लोक बघतायत."

"बघू देत. ऐकत तर कुणीच नाहीये."

त्यांचं मराठी ऐकून मी गाण्याकडे जरा नीट लक्ष दिलं, आणि मग माझं मलाच नवल वाटलं. साताऱ्याला नगरपालिकेच्या शाळेत माझी सगळी नोकरी झाली. शाळा सुटण्याआधी आमच्याकडे परवचा असायचा, म्हणजे अख्ख्या वर्गानं एका सुरात पाढे म्हणायचे. त्याला एक चाल असते, ती कुणी शिकवत नाही. सुरुवातीच्या ओळी सपाट, मधे एक चढ, आणि 'दाहे' आलं की सगळी मुलं स्वर लांबवून खाली सोडतात, कारण त्यानंतर दप्तर उचलायचं असतं. स्टेजवरची मुलं दहाव्या ओंडक्यावर तेच करत होती. अगदी तसाच लांबवलेला, खाली सोडलेला स्वर.

कार्यक्रमानंतर कॉरिडॉरमध्ये ज्यूस आणि कुकीज ठेवल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले.

"माफ करा हं, पण ही चाल परवच्याची आहे का हो?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला होता. मग विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"साताऱ्याची. शाळेत शिकवत होते."

"मी कराडचा. बाई, इतक्या वर्षांत हे ओळखणाऱ्या तुम्ही पहिल्याच." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "गाणं माझं आहे."

"म्हणजे तुमच्या आवडीचं?"

"म्हणजे मी केलेलं. चाल मी लावलीय." त्यांनी हातातला कार्यक्रमाचा कागद माझ्यापुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांची मुलगी यामिनी मागून आली आणि तिनं मला वाचून दाखवलं: पारंपरिक, फ्रेंच कॅनडा.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझा विश्वास बसला नाही. उतारवयातली माणसं असं काही बोलतात, हे मी पाहिलेलं आहे. पण त्यांचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून निघालं. बर्फ वितळलं होतं, मी रोज फिरायला बाहेर पडत होते, आणि हळूहळू त्यांच्या बेसमेंटमध्ये चहाला जाण्याचा पायंडा पडला. त्या बेसमेंटमध्ये त्यांचा पियानो होता, आणि त्यांची हकिगत मला तिथंच तुकड्यातुकड्यांनी कळली.

ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिव्हिल इंजिनिअर होण्यासाठी माँट्रियलला आले. झालेही. एका कचेरीत पुलांची ड्रॉइंग्ज करत. हार्मोनियम कराडला शिकलेली होती. पियानो ते माँट्रियलमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये आपापलं शिकले, जिथं संध्याकाळी जेवणाच्या बदल्यात वाजवायला मिळायचं. तिथंच जिनेत नावाची एक बाई भेटली. ती गाणी लिहायची आणि तिला चाल लावणारा हवा होता.

"तिला फ्रेंच येत होतं, मला कान होता," विलासराव म्हणाले. "मी तिला सांगायचो, कविता वाचून दाखवू नकोस. भाजीवाल्याशी बोलल्यासारखे शब्द म्हण. आवाज कुठं वर जातो, कुठं पडतो, ते बघायचो. चाल तिथंच असते."

त्यांची गाणी रेडिओवर लागली. मोठ्या गायिकांनी म्हटली. यामिनीनं मला काही फोनवर ऐकवली. एक प्रेमाचं गाणं तर इतकं साधं आणि गोड होतं, की शब्द न कळूनही मला ते दिवसभर आठवत राहिलं. पण रेकॉर्डवर 'विलास कोरगावकर' कुठंच नव्हतं. कंपनीनं त्यांचं 'विल कोरे' करून टाकलं होतं. "त्यांना वाटायचं, नाव लांब असलं की गाणं लांब वाटतं," ते म्हणाले. हा विनोद त्यांनी पूर्वीही अनेकदा केलेला असावा, कारण तो करताना ते हसले नाहीत.

नोकरी सुटली आणि ते चित्रपटांना संगीत देऊ लागले. तिथली त्यांची एक रीत होती. चित्रपटाचा तुकडा ते आधी आवाज बंद करून बघत आणि पडद्यावरचा माणूस श्वास कधी घेतो ते शोधत. संगीत त्या श्वासाच्या मधे घालायचं, वर नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको वीणा शेजारी बसून भाजी निवडत असे आणि म्हणत असे, "आज किती श्वास सापडले?" वीणाताईंना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या मागे माँट्रियलचं घर विकून विलासराव लेकीकडे मिल्टनला आले.

ओंडक्यांचं गाणं अशाच एका चित्रपटातलं. रेमाँ नावाचा दिग्दर्शक होता. त्याला जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या छावणीवर चित्रपट करायचा होता. त्यात एक म्हातारा स्वयंपाकी आहे. वसंतात बर्फ फुटल्यावर तो नदीकाठी बसून, वाहत जाणारे ओंडके मोजत गातो. रेमाँला दोनशे वर्षांपूर्वीचं वाटेल असं गाणं हवं होतं. त्यानं खरी लोकगीतं ऐकली, एकही पसंत पडलं नाही.

"मी विचार केला," विलासराव म्हणाले, "मोजताना माणूस गातो कसा? मला एकच मोजणं माहीत होतं." त्यांनी पियानोच्या झाकणावर बोटांनी ताल धरला. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. तिथून तीन सूर घेतले. बाकी सगळं करावं लागलं. पाढ्यात पुढं काहीच होत नाही हो, बाई. माझ्या गाण्यात होतं."

"सातव्या ओळीवर तुम्ही थांबा म्हणत होता, ते काय?"

त्यांनी सांगितलं. चित्रपटातल्या त्या म्हाताऱ्याचा मुलगा ओंडक्यांखाली सापडून बुडालेला असतो. तो प्रत्येक ओंडक्याला नाव देत मोजतो. सातव्यासाठी जिनेतनं एक ओळ लिहिली होती, मुलाच्या नावाची. विलासरावांनी ती ओळ काढून टाकली. "म्हटलं, इथं माणूस गाणार नाही. इथं तो श्वास घेईल आणि आठ म्हणेल. जिनेत माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मग पडद्यावर बघितलं आणि रडली."

त्यांनी पियानोचं झाकण उघडून गाणं वाजवलं. सहावा ओंडका गेला, आणि मग काहीच नाही. नुसती खोली. मग आठवा. शाळेतल्या मुलांच्या पुस्तकात त्या मोकळ्या जागी कुणीतरी एक ओळ भरली होती, म्हणजे मुलांना ठेका चुकायला नको. शिक्षक म्हणून मला ते समजतं. पण ते ऐकल्यावर तो हॉलमधला हात मांडीवर का आपटला तेही समजलं.

"पण मग 'पारंपरिक' का?"

"कारण मी हो म्हणालो." रेमाँनं त्यांना विनवलं होतं. चित्रपट इतका खरा उतरला होता, गावातली खरी माणसं, खरी छावणी, आणि शेवटी पडद्यावर गाण्याखाली एका हिंदुस्थानी माणसाचं नाव आलं तर लोक हसतील, सगळं खोटं वाटेल. 'पारंपरिक' लिहू या, विल. तुझ्याइतकं कुणाला जमणार? "आणि तुम्हाला सांगतो, मला त्याचा आनंद झाला. मी घरी येऊन वीणाला म्हटलं, इतकं चांगलं झालंय की माणसाचा हातच दिसत नाही. ती म्हणाली, मग हात परत कसा दाखवणार? मी हसलो."

त्यानंतर नवी वाद्यं आली, नवी माणसं आली, विल कोरेची गाणी रेडिओवरून गेली. रेकॉर्ड करणारा स्टुडिओ बंद पडला. जिनेत वारली. उरलं ते एकच गाणं, आणि ते वाढत गेलं. क्यूबेकमध्ये वसंतात मेपलचा रस उकळतात तिथं जेवायला लोक जमतात, त्या पंगतींत ते म्हटलं जाऊ लागलं. मग शाळेच्या पुस्तकांत आलं, मग ऑन्टारियोत. आपण केलेलं जे एकमेव गाणं जिवंत आहे, त्याच्याखाली आपलं संपूर्ण नाव असावं, विल कोरे नाही, विलास कोरगावकर, एवढीच त्यांची इच्छा होती. पैशाचं त्यांनी कधी काढलं नाही.

आणि हे सगळं कदाचित बेसमेंटमध्येच राहिलं असतं. पण त्यांची नात अक्षता वेदांतच्याच वर्गात होती. तिनं वर्गात उभं राहून सांगितलं, की हे गाणं माझ्या आजोबांनी केलंय. दुपारी ती घरी आली तेव्हा मी तिथंच चहा पीत होते.

"आजोबा, मादाम सेड इट्स व्हेरी स्वीट," ती बूट काढत म्हणाली, "बट इट्स अ ट्रॅडिशनल साँग. शी सेड मेबी यू मिक्स्ड इट अप. एव्हरीबडी लाफ्ड."

"तू काय म्हणालीस?"

"नथिंग. वॉज आय लाइंग?"

"नाही गं. तू खोटं बोलली नाहीस."

"देन टेल देम!" ती ओरडली आणि वर निघून गेली.

विलासरावांनी कप खाली ठेवला आणि ते लेकीला म्हणाले, "यामिनी, रेमाँला फोन लाव."

रेमाँ नव्वदीच्या आसपास होता, क्यूबेकमधल्या त्रोआ-रिव्हिएरजवळच्या वृद्धाश्रमात. यामिनीनं आधी नंबर मिळवला आणि रविवारी दुपारी फोन स्पीकरवर लावला. मीही होते. विलासराव शर्ट बदलून, केस विंचरून बसले होते, फोनच असूनही. रेमाँचा आवाज कापत होता, पण उत्साह होता; पहिली पाच मिनिटं दोघं नुसते हसत होते. यामिनी मला हळू आवाजात मराठीत सांगत होती. मग विलासरावांनी गाण्याचा विषय काढला. पलीकडून रेमाँ एकदम गायला लागला. ओळ न ओळ पाठ. सातव्या जागी तो बरोबर थांबला. विलासरावांचे डोळे भरून आले.

गाणं संपल्यावर रेमाँ काहीतरी म्हणाला आणि यामिनीचं सांगणं थांबलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "म्हणाले, हे माझी आजी म्हणायची. चुलीपाशी. तुझं नशीब विल, की मला ते आठवत होतं, म्हणून तुला चित्रपटात वापरता आलं."

मला वाटलं, आता विलासराव बोलतील. त्यांनी ओठ उघडलेही. पण ते फ्रेंचमध्ये इतकंच म्हणाले, आणि ते मला यामिनीनं नंतर सांगितलं, "हो रेमाँ. तुझ्या आजीचा आवाज चांगला असणार."

फोन ठेवल्यावर यामिनी भडकली. "बाबा, तुम्ही हो का म्हणालात? पुन्हा?"

"तो खोटं बोलत नव्हता गं. त्याला ऐकू येतेय त्याची आजी. नव्वदीच्या माणसाची आजी मी कशी काढून घेऊ?"

"आणि तुमचं काय?"

ते उठून शर्ट बदलायला गेले.

यामिनी हट्टी आहे. गाण्यांचं ते पुस्तक काढणाऱ्या संस्थेला तिनं लिहिलं, पुन्हा लिहिलं. त्यांचं म्हणणं सभ्य होतं: काही पुरावा आहे का? पुरावा नव्हता. चित्रपटाच्या शेवटी स्वतः विलासरावांच्या संमतीनं 'पारंपरिक' आलेलं होतं.

मग ती संध्याकाळ आली, जिच्यामुळे पुढचं सगळं घडलं. खरं तर ती फार छान संध्याकाळ होती. यामिनीनं मिसळ केली होती. विलासराव पियानोशी बसले होते आणि मी म्हटलं, मी तेराचा पाढा म्हणते, तुम्ही खालून वाजवा, बघू कसं लागतं. मी म्हणू लागले आणि त्यांनी माझ्या सपाट पाढ्याखाली असे सूर ठेवले, की माझं मलाच वाटलं मी काही तरी मोठं म्हणते आहे. 'तेरा दाहे तीसासे'ला आम्ही दोघं मिळून खाली उतरलो आणि हसलो. तेवढ्यात त्यांचा जावई यशोधन जिना उतरून आला. हा मुलगा पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, मराठी मंडळाच्या कमिटीवर, आणि मनानं अगदी चांगला. स्नो पडला की शेजारच्या दोन ड्राइव्हवे स्वतःहून शोव्हल करणारा.

"अरे वा! काकू, परत एकदा! थांबा, फोन काढतो. आणि बाबा, त्यानंतर लगेच ते फ्रेंच घ्या. सेम टू सेम आहे हो!"

"सेम टू सेम नाहीये," विलासराव म्हणाले.

"तेच हो बाबा. पुरावा पाहिजे होता ना? हा बघा पुरावा. क्यूबेकच्या कुठल्या लाकूडतोड्याला पाढे येत होते?"

हे आम्हा सगळ्यांना पटलं. मलाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतंच. ही चाल कराडच्या शाळेतून आलेल्या माणसाखेरीज कुणाला सुचणार? आम्ही पुन्हा म्हटलं, पुन्हा वाजवलं. यामिनीनं तो व्हिडिओ संस्थेला पाठवला. आणि यशोधननं तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं: 'आपले पाढे झाले कॅनडाचं लोकगीत! प्राउड मोमेंट!'

दोन दिवसांत कॅल्गरीपासून नागपूरपर्यंत तो पोचला. मला माझ्या साताऱ्याच्या जुन्या विद्यार्थिनींचे फोन आले, "बाई, तुमचा आवाज अजून तसाच!" कुणी लिहिलं, आपली गणिताची परंपरा किती थोर. कुणी लिहिलं, गोऱ्यांनी आपलं चोरलं. विलासरावांचं नाव बऱ्याच ठिकाणी नव्हतंच. 'पियानोवर एक काका' एवढंच होतं.

संस्थेचं उत्तर आलं तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात होतो. यामिनीनं ते फोनवर उभ्यानं वाचलं. त्यांनी आभार मानले होते. व्हिडिओ पाहून त्यांची खात्री पटली होती, की गाण्याचं मूळ फ्रेंच कॅनडाचं नाही; अशा चुका दुरुस्त करणं त्यांना फार महत्त्वाचं वाटत होतं. नव्या आवृत्तीत आणि त्यांच्या वेबसाइटवर त्या गाण्याखाली आता 'पारंपरिक, भारत' असं येणार होतं.

यामिनीनं फोन ओट्यावर पालथा ठेवला. यशोधनला ते नीट कळलंच नाही. तो म्हणाला, "बाबा, अ‍ॅट लीस्ट इंडिया तरी आलं!"

विलासरावांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"यशोधन, तू ऑफिसमध्ये रात्रंदिवस बसून एखादा प्रोग्रॅम लिहिलास, आणि त्याच्याखाली त्यांनी 'पुणे' असं लिहिलं, तर चालेल तुला?"

"बाबा, पण चाल तर आपल्या पाढ्यांचीच—"

"तीन सूर! तीन सूर पाढ्यांचे आहेत. मधला चढ कुणाचा? तो सातवा ओंडका कुणाचा? कराडात एक तरी पोरगं साताला थांबून मेलेल्या लेकासाठी श्वास घेत होतं का? बाई, तुम्ही सांगा, तुमच्या वर्गात कुणी थांबायचं?"

"नाही," मी म्हटलं. "साताला थांबलं की आम्ही छडी दाखवायचो."

कुणी हसलं नाही. यामिनीनं पुन्हा लिहिलं. त्यावर उत्तर आलं, की एका व्यक्तीनं सामूहिक वारशावर हक्क सांगणं हा नाजूक प्रश्न आहे, आणि ह्या बाबतीत त्यांनी भारतीय समाजाच्या प्रतिक्रियाही पाहिल्या आहेत. म्हणजे तो व्हिडिओ आणि त्याखालची सगळी वाहवा.

दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. ते नको म्हणत होते. यशोधननं जवळजवळ पाया पडून आणलं. त्याला वाटत होतं, ह्यानं भरपाई होईल. एका हायस्कुलाचा हॉल भाड्यानं घेतलेला. फेटे बांधलेली मुलं आणि नऊवारीवर फेटे बांधलेल्या मुली आधी पाढा म्हणाल्या, मग गाणं. सातवी ओळ भरलेलीच होती. निवेदिका म्हणाली, "शेकडो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी दिलेला हा ठेवा सातासमुद्रापार आणणारे आपले विलासकाका!" शाल, श्रीफळ, फोटो. मग तिनं माइक त्यांच्यापुढे धरला, "काका, दोन शब्द."

विलासरावांनी माइक हातात घेतला. "पूर्वजांनी नाही," ते म्हणाले. "मी."

पुढच्या रांगेतून कुणीतरी हसलं, "वा काका!" आणि मग सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या, शिट्टीसुद्धा आली. त्यांना वाटलं, काका गमतीत म्हणताहेत, मीच पूर्वज. निवेदिकाही हसत म्हणाली, "अजून तरुण आहात हो तुम्ही!" विलासराव माइक हातात धरून हसणाऱ्या लोकांकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा ओठ उघडले, पण तोवर पुढच्या नाचाचं संगीत सुरू झालं होतं. ते शाल खांद्यावरून काढून, नीट घडी करून खाली उतरले. माझ्या शेजारी बसले.

अक्षता स्टेजवरून धावत त्यांच्याकडे आली, फेट्याचा शेमला सांभाळत. तिचा चेहरा फुलला होता.

"आजोबा, गेस व्हॉट! मादाम सॉ द व्हिडिओ. शी सेड सॉरी टू मी इन फ्रंट ऑफ द होल क्लास! शी सेड द साँग इज फ्रॉम इंडिया. नाऊ दे ऑल बिलीव्ह मी."

ते तिच्याकडे पाहत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आता ह्या मुलीला काय सांगणार, असं मला झालं.

"छान झालं," विलासराव म्हणाले, आणि तिच्या फेट्याची सुटलेली पट्टी आत खोचली. "छान झालं, बाळा."

त्यानंतर आमचा बेसमेंटमधला चहा चालू राहिला, पण गाण्याचा विषय निघाला नाही. ते पियानोशी बसत नसत. यशोधन घरात आला की ते पेपर उचलून वर जात. भांडण असं झालं नाही. यशोधननं दोनदा माफी मागितली आणि दोनदा त्यांनी "अरे, तुझं काय चुकलं" असं म्हटलं. ते खरंही होतं, आणि त्यामुळंच ते एका घरात राहणं अवघड होऊन बसलं असावं. फेब्रुवारीत एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमचे विद्यार्थी तुम्हाला नावानं ओळखतात की नुसतं बाई म्हणून?"

"बहुतेक नुसतं बाई."

"तुम्हाला वाईट वाटत नाही?"

मी विचार करून म्हटलं, "वाटतं कधीकधी. पण मी काही निर्माण केलं नव्हतं. पाढे आधीपासून होते."

"बघा, तुम्हाला फरक कळतो," ते म्हणाले.

मार्चअखेरीस, शाळेत पुढच्या कॉन्सर्टसाठी त्याच गाण्याची तयारी सुरू झाली तेव्हा, त्यांनी यामिनीला सांगितलं की मला वेगळं राहायचंय. तिनं रडून पाहिलं, रागावून पाहिलं. त्यांनी इतकंच सांगितलं, की अक्षता घरात तालीम करणार, आणि मला तिला थांबवायचं नाही.

विलासराव आता हॅमिल्टनला हॉस्पिटलजवळच्या एका बिल्डिंगमध्ये दोन खोल्यांत राहतात. पियानो त्यांनी अक्षतासाठी मिल्टनलाच ठेवला आहे. दर शनिवारी यामिनी गाडीनं जाऊन त्यांची ग्रोसरी पोचवते, आणि जेवून परत येते.